काचेखालचा समुद्र आणि त्याचे राखणदार

समुद्राचे पाणी एकदा टाकीत कोंडले की त्याचे समुद्रपण टिकवण्याची जबाबदारी माणसावर येते, आणि ही जबाबदारी किती जड जाणार हे बहुतेक वेळा टाकी बांधली जाते तेव्हाच ठरून गेलेले असते. पाण्याचा राखीव साठा किती ठेवायचा, उजेड कोणत्या बाजूने घ्यायचा, नळ कशाचे बसवायचे, घाण काढणाऱ्याचा हात कुठवर पोहोचला पाहिजे, या प्रश्नांची उत्तरे नकाशा काढणारा देतो. ती चुकली तर ती चूक वर्षानुवर्षे निस्तरणारा माणूस मात्र दुसराच असतो. सागरी मत्स्यालयांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास सहसा उद्घाटनांच्या तारखा आणि टाक्यांची मापे यांच्या आधारे सांगितला जातो. या व्यवसायाचे खरे ज्ञान ज्यातून साठत गेले ते काम त्यामुळे नजरेआड राहते, आणि ते काम म्हणजे चुकीच्या बांधणीचे पाणी रोज राखण्याचे. या कामाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत बोलके उदाहरण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात घडले. परंतु तेथवर पोहोचण्यापूर्वी प्रवाळ राखणे हे मासे राखण्यापेक्षा इतके अवघड का, हे पाहणे आवश्यक आहे.

मराठी वाचकाला प्रवाळ ओळखीचे आहे ते दागिन्यातील पोवळ्याच्या रूपाने. परंतु ते पोवळे भूमध्य समुद्राच्या अंधाऱ्या कपारींत वाढणाऱ्या वेगळ्या कुळातील प्राण्याचा सांगाडा होय. प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ उष्ण कटिबंधातील उथळ, स्वच्छ पाण्यात राहतात, आणि त्यांच्या प्रत्येक इवल्या जीवाच्या, म्हणजे पॉलिपच्या, पेशींत सूक्ष्म शैवाले वस्तीला असतात. ही शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात, आणि त्या बळावर प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन चुन्याचा सांगाडा रचतो. म्हणून प्रवाळाला एकाच वेळी अनेक गोष्टी लागतात: भरपूर आणि योग्य रंगाचा उजेड, सतत हलणारे पाणी, लिटरमागे सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम, 8.1 ते 8.2 च्या आसपास सामू, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्क गुणाचे माप, आणि नायट्रेट-फॉस्फेटसारख्या खतांचा जवळजवळ अभाव. शेताला जे खत म्हणून लाभते तेच प्रवाळाला बाधते, कारण त्या खतावर मोकळी शैवाले फोफावतात आणि प्रवाळाला झाकून टाकतात. मासा थोडे बिघडलेले पाणी काही दिवस सोसतो. प्रवाळाला जागचे हलता येत नाही, आणि त्याचे दुखणेही बहुधा उशिरा, रंग उडाल्यावर किंवा पॉलिप आक्रसल्यावरच, बाहेरून दिसते.

बंदिस्त पाण्यात प्रवाळ जगवण्याचा पहिला नोंदलेला यशस्वी प्रयत्न कोणत्याही संस्थेत झालेला नाही. ॲना थिन या स्त्रीने 1846 मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून थंड पाण्यातील काही दगडी प्रवाळ लंडनमधील आपल्या घरी आणले. समुद्राचे पाणी वारंवार मागवणे परवडणारे नव्हते, तेव्हा तेच पाणी हवेशीर ठेवण्याचा उपाय म्हणून घरातील मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतत असे. पुढे त्या पाण्यात सागरी वनस्पती सोडण्यात आल्या आणि ओतण्याचे श्रम काही अंशी कमी झाले. ते प्रवाळ सुमारे तीन वर्षे टिकले. ज्या काळात पाण्यातील प्राणवायूचे गणित सामान्य वाचकाला ठाऊक नव्हते, त्या काळात एका अनाम स्त्रीच्या मनगटांनी ते सोडवले, आणि सागरी मत्स्यालयाच्या इतिहासात पंपाचे काम प्रथम केले ते तिनेच, ही गोष्ट ग्रंथांच्या तळटिपांमध्ये राहून गेली आहे.

यानंतरची काही वर्षे सिद्धान्ताची होती. लंडनचा रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने 1850 च्या सुमारास दाखवून दिले की, मासे, पाणवनस्पती आणि सडका पाला खाणाऱ्या गोगलगाई यांचा मेळ योग्य प्रमाणात बसला तर पाणी न बदलताही दीर्घकाळ चांगले राहते. निसर्गलेखक फिलिप हेन्री गॉस याने हाच विचार समुद्राला लागू केला, 1854 मध्ये आपला गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि निरनिराळे क्षार गोड्या पाण्यात मिसळून समुद्राचे पाणी घरीच बनवण्याची कृतीही दिली. तत्पूर्वी, 1853 मध्ये, लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले होते. गर्दी अमाप झाली. बांधणी मात्र रोपे वाढवण्याच्या काचघरासारखी होती. लोखंडी चौकटीच्या त्या काचेच्या दालनात उजेड चारी बाजूंनी आणि वरून येई, उन्हाळ्यात पाणी तापे, आणि अतिप्रकाशावर पोसलेली शैवाले टाकीच्या काचा हिरव्या करून टाकीत. समतोलाचा सिद्धान्त खरा होता, पण ज्या इमारतीत तो राबवायचा तिनेच तराजूच्या एका पारड्यात वजन टाकून ठेवले होते.

या चुकीचा सर्वांत कठोर आणि सर्वांत उपयोगी टीकाकार विल्यम आल्फर्ड लॉइड हा होता. मूळचा पुस्तकबांधणीतील कारागीर असलेल्या या माणसाने लंडनमध्ये सागरी जीवांचे दुकान चालवले, पॅरिस आणि हॅम्बुर्ग येथील मत्स्यालये उभारण्यात भाग घेतला, आणि 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालय आपल्या कल्पनेप्रमाणे बांधून घेतले. त्याची कल्पना वरवर पाहता पैशाची उधळपट्टी वाटावी अशी होती: प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांतील पाण्याच्या कित्येक पट पाणी जमिनीखालच्या थंड, अंधाऱ्या हौदात ठेवायचे, आणि पंप अहोरात्र चालवून ते वरच्या टाक्यांतून फिरवत राहायचे. अंधारात हिरवे तरंगते शैवाल मरते आणि पाणी निवळते. साठा मोठा असल्याने तापमान सावकाश बदलते. एखादा प्राणी कपारीत मरून सडला तरी त्याचे विष एवढ्या पाण्यात पातळ होऊन जाते. धातूचे, विशेषतः तांब्याचे, अंश बिनपाठकण्याच्या सागरी प्राण्यांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात, हे अनुभवाने जाणून त्याने पंप आणि नळ कठीण केलेल्या रबराचे वापरले. आजही घरगुती खाऱ्या टाकीखाली जो दुसरा हौद, ज्याला हौशी मंडळी सम्प म्हणतात, ठेवलेला असतो, तो लॉइडच्या तळघराचाच लहानसा वारस होय. न दिसणाऱ्या पाण्यावर खर्च करावा, ही लॉइडची मागणी त्याच्या काळातील गुंतवणूकदारांना पटवणे सोपे नव्हते, कारण तिकीट काढून येणारा माणूस तळघर पाहायला येत नाही. 1876 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे उघडलेल्या रॉयल ॲक्वेरियमचे उदाहरण येथे पुरेसे आहे: भव्य दालने, संगीत, पुतळे, सर्व काही तेथे होते, फक्त टाक्यांत मासे कधी धडपणे नांदले नाहीत, अल्पावधीत ती वास्तू करमणुकीच्या खेळांची जागा बनली आणि 1903 मध्ये पाडली गेली.

समुद्राकाठी बांधलेल्या मत्स्यालयाला पाण्याची चिंता नसते, हा समजही फारसा खरा नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे; परंतु कोकणपट्टीच्या किनाऱ्याजवळचे पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत गढूळ होते आणि नद्या-खाड्यांच्या गोड्या पाण्याने त्याचा खारेपणा उतरतो. अशा किनाऱ्यावर समुद्र दाराशी असूनही पाणी साठवणे, निवळवणे आणि त्याचा खारेपणा मोजत राहणे चुकत नाही. भारतात भित्ती बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात समाविष्ट आहेत, आणि त्यामुळे मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातील प्रवाळ उचलून घरच्या टाकीत लावणे हा गुन्हा ठरतो. हा निर्बंध योग्यच आहे. बंदिस्त पाण्यातील प्रवाळाचे आयुष्य दीर्घकाळपर्यंत समुद्रातून पुन्हा पुन्हा आणलेल्या नव्या प्रवाळांवरच उभे होते.

उष्ण कटिबंधातील भित्तीचे प्रवाळ टाकीत जगू शकतात, हे विसावे शतक अर्धे उलटल्यावर सिद्ध झाले. न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे रने काताला या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने 1956 मध्ये सुरू केलेल्या मत्स्यालयात जवळच्या समुद्राचे ताजे पाणी अखंड वाहत असे आणि उजेड सूर्याचा होता, म्हणजे निसर्गाकडून शक्य तितके उसने घेऊन चुका टाळण्याचा तो मार्ग होता. इंडोनेशियातील ली चिन एंग याने 1961 मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली: समुद्रातून आणलेले, जिवाणू आणि बारीक जीवांनी भरलेले खडक टाकीत ठेवायचे, हवेचे बुडबुडे सोडायचे, आणि गाळणी लावायचीच नाही, कारण तो जिवंत खडकच गाळणी असतो. पुढे बर्लिनमधील हौशी लोकांनी आणि जर्मन भाषेत लिहिणाऱ्या पीटर विल्केन्ससारख्या लेखकांनी त्याला दोन गोष्टींची जोड दिली. पहिली म्हणजे प्रोटीन स्किमर हे यंत्र: उभ्या नळीत अतिशय बारीक बुडबुडे सोडले की पाण्यातील सेंद्रिय मळ बुडबुड्यांना चिकटून वर येतो आणि त्याचा दाट फेस वेगळ्या वाटीत काढून टाकता येतो. गुऱ्हाळात उसाच्या उकळत्या रसावरची मळी काढतात त्याच जातीची ही क्रिया असून मळ कुजून त्याचे खत होण्याआधीच तो पाण्याबाहेर जातो, हे तिचे मर्म आहे. दुसरी गोष्ट म्हणजे चुन्याची निवळी. टाकीतील पाण्याची वाफ होऊन जी घट येते ती साध्या पाण्याने न भरता चुन्याच्या निवळीने थेंबथेंब भरली, तर प्रवाळाने सांगाड्यासाठी उचललेले कॅल्शियम परत मिळते आणि सामूही उंचावतो. या दोन साध्या साधनांनी घराघरांतील प्रवाळ नुसते टिकले नाहीत, ते वाढू लागले.

त्याच काळात अमेरिकेत निराळा विचार पुढे येत होता. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर ॲडी हा भूशास्त्रज्ञ कॅरिबियन समुद्रातील भित्तींवर उगवणाऱ्या आखूड शैवालांचा अभ्यासक होता. भित्तीवरील या शैवालांच्या गालिच्याची उत्पादनशक्ती अफाट असते, हे पाहून त्याने ठरवले की पाणी शुद्ध करण्याचे काम त्यांच्यावरच सोपवावे. उथळ ताटात जाळी पसरायची, वर प्रखर दिवे लावायचे, पाणी लाटेसारखे त्यावर ओतत राहायचे, जाळीवर शैवाल वाढू द्यायचे, आणि ठरावीक दिवसांनी ते खरवडून काढायचे. शैवालात शोषलेले नायट्रोजन आणि फॉस्फरस त्याच्याबरोबर बाहेर जातात. या रचनेला शैवाल-गालिच्याची गाळणी म्हणता येईल. स्किमर पाण्यातील तरंगते सूक्ष्म जीवही बाहेर फेकतो, असा ॲडीचा आक्षेप होता आणि त्यात तथ्य होते. 1980 मध्ये त्याने स्मिथसोनियनच्या संग्रहालयात याच तत्त्वावर जिवंत भित्तीची टाकी प्रेक्षकांसाठी उघडली आणि ती पाहणाऱ्यांच्या मनात हा विचार ठसला.

विचार पटल्यावर त्याचे आकारमान वाढवण्याची घाई झाली. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे 1987 मध्ये ग्रेट बॅरियर रीफच्या व्यवस्थापन संस्थेने उघडलेल्या मत्स्यालयात मुख्य टाकी 25 लाख लिटरची, आकाशाला उघडी आणि लाटा निर्माण करणाऱ्या यंत्राने युक्त होती, आणि तिच्या शुद्धीकरणाचा भार ॲडीच्या पद्धतीच्या शैवाल-गाळण्यांवर टाकलेला होता. जगातील सर्वांत मोठी भित्ती शेजारच्या समुद्रात असतानाही या टाकीतील दगडी प्रवाळांना बरे दिवस सहजी आले नाहीत. याचे कारण शिकण्यासारखे आहे. वाढणारे आणि खरवडले जाणारे शैवाल पाण्यात रंगीत सेंद्रिय द्रव्ये सोडते, त्यामुळे बंदिस्त पाणी हळूहळू पिवळसर होत जाते, आणि पिवळे पाणी नेमका निळा प्रकाश शोषून घेते, जो पाण्याखालच्या प्रवाळांतील शैवालांना सर्वाधिक हवा असतो. म्हणजे जी गाळणी खत काढत होती तीच उजेडही काढून घेत होती. लहान टाकीत, उथळ पाण्यात आणि दिव्यांच्या जवळ हा दोष जाणवला नव्हता. पाच मीटरच्या आसपास खोल टाकीत तो निर्णायक ठरला. पुढील वर्षांत तेथील कर्मचाऱ्यांनी फेस काढण्याची यंत्रे, पाणी बदलणे आणि रसायनांचा समतोल यांच्या आधारे हळूहळू व्यवस्था बदलत नेली.

ॲरिझोनातील ओरॅकल गावाजवळ सुमारे 1,200 मीटर उंचीवर उभारलेले बायोस्फिअर-2 हे याच विचारसरणीचे सर्वांत धाडसी रूप होते. एड बास या टेक्ससच्या धनिकाच्या पैशाने आणि जॉन ॲलन याच्या कल्पनेने बांधलेल्या, काच आणि पोलादी चौकटींच्या या बंदिस्त इमारतीत सुमारे सव्वा हेक्टर जागेवर वर्षावन, गवताळ प्रदेश, वाळवंट, कांदळवन, शेती आणि एक समुद्र सामावलेला होता. उद्देश असा की, बाहेरून हवा, पाणी, अन्न काहीही न घेता आठ माणसांनी आत दोन वर्षे राहून दाखवावे. समुद्र सुमारे 45 मीटर लांब, 19 मीटर रुंद आणि सर्वांत खोल जागी सात मीटरच्या आसपास होता. पाणी सुमारे 26 लाख लिटर. त्यातील थोडे पाणी प्रशांत महासागरातून टँकरने आणले गेले, उरलेले स्थानिक पाण्यात क्षार मिसळून, म्हणजे गॉसच्याच मार्गाने, तयार केले गेले. प्रवाळ मुख्यतः मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरून आले. लाटा निर्वात पंपाच्या यंत्राने उठवल्या जात, आणि शुद्धीकरणाला ॲडीच्या शैवाल-गाळण्या होत्या.

या समुद्राचे दोष टाकीत शोधले तर अर्धेच सापडतात. उजेडाचा दोष छपरात होता: काचेच्या तावदानांनी आणि पोलादी जाळीने बाहेरच्या उन्हाचा जवळजवळ निम्मा भाग अडवला जाई. शिवाय जागा उष्ण कटिबंधाच्या उत्तरेला असल्यामुळे हिवाळ्यातील दिवस कॅरिबियनपेक्षा लहान आणि ऊन तिरपे; त्यात 1991-92 चा हिवाळा एल निन्योमुळे नेहमीपेक्षा ढगाळ गेला. खरा घातक दोष मात्र समुद्रापासून दूर, शेताच्या मातीत होता. पीक भरघोस यावे म्हणून आत आणलेली माती सेंद्रिय द्रव्यांनी समृद्ध ठेवली होती. त्या द्रव्यांवर मातीतील जिवाणू तुटून पडले, आणि त्यांच्या श्वसनाने बंदिस्त हवेतील प्राणवायू घटत आणि कार्बन डायऑक्साइड वाढत गेला. पृथ्वीवर असा वायू सामावून घ्यायला अथांग वातावरण आणि महासागर आहेत. येथे वातावरण काचेच्या छतापुरते होते, त्यामुळे दिवस आणि रात्र यांच्यातही कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण शेकडो अंशांनी खालीवर होई आणि हिवाळ्यात ते दर दशलक्ष भागांमागे 3,000 च्या पुढे जाई, जेव्हा बाहेरच्या हवेत ते सुमारे 355 होते.

हा वायू पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल बनते, सामू उतरतो, आणि पाण्यातील कार्बोनेट, जे प्रवाळाच्या सांगाड्याचे अर्धे साहित्य आहे, ते या आम्लाला निवारण्यातच खर्ची पडते. ज्या घरगुती टाकीचे झाकण उघडे असते तेथे जादा वायू उडून जातो आणि राखणदार खिडकी उघडून सुटतो. ॲना थिन यांच्या घरची खिडकी या अर्थानेही महत्त्वाची होती. बायोस्फिअर-2 मध्ये खिडकी उघडण्यास मनाई हाच प्रयोगाचा नियम होता.

26 सप्टेंबर 1991 रोजी दारे बंद झाली तेव्हा चार स्त्रिया आणि चार पुरुष आत गेले. समुद्राची जबाबदारी ॲबिगेल ॲलिंग या सागरी जीवशास्त्रज्ञ स्त्रीकडे होती. दोन वर्षांतील तिचे आणि तिच्या सहकाऱ्यांचे काम पाहिले की या लेखाचा विषय डोळ्यांपुढे उभा राहतो. सामू 8 च्या खाली घसरू लागला की सोडियम बायकार्बोनेट आणि सोडियम कार्बोनेट, म्हणजे स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडा आणि धोब्याकडचा धुण्याचा सोडा, समुद्रात मोजून टाकावा लागे. त्यामुळे पाण्याची आम्ल पेलण्याची शक्ती, जिला अल्कता म्हणतात, सावरे आणि कार्बोनेटचा साठा काही काळ भरून निघे. गाळण्यांच्या ताटांतील शैवाल नियमाने खरवडून, वाळवून ठेवावे लागे. ते पुरे पडेना, म्हणून पाण्यात उतरून भित्तीवर चढलेले शैवाल शेतातील तण बेणावे तसे हातांनी उपटावे लागे. आणि हे श्रम अशा माणसांनी केले ज्यांचे शेत पुरेसे पिकत नव्हते, जी पहिल्या वर्षात अर्धपोटी राहून वजन गमावत होती, आणि जिच्यातील हवा दिवसेंदिवस विरळ होत होती अशा इमारतीत राहत होती. अखेर आत उपलब्ध असलेल्या वस्तूंतूनच त्यांनी फेस काढणारे स्किमर बनवून बसवले. ज्या यंत्राला मूळ आराखड्यात तत्त्व म्हणून स्थान नव्हते ते राखणदारांनी गरज म्हणून घडवले, ही घटना या व्यवसायाच्या इतिहासात एखाद्या नव्या मत्स्यालयाच्या उद्घाटनाहून मोठी मानायला हरकत नाही.

प्राणवायूचे प्रमाण 20.9 टक्क्यांवरून सुमारे 14 टक्क्यांपर्यंत उतरले आणि जानेवारी 1993 मध्ये तो बाहेरून आत सोडावा लागला. तेव्हा एक कोडे उरले होते: मातीने इतका प्राणवायू खाल्ला असेल, तर त्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड हवेत आणखी वाढायला हवा होता, तो गेला कुठे? कोलंबिया विद्यापीठातील जेफ सेव्हरिंगहाउस, वॉलेस ब्रोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये उत्तर प्रसिद्ध केले की, इमारतीचे उघडे काँक्रीट तो शोषून घेत होते. सिमेंटमधील चुना वायूशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट बनत होता. म्हणजे प्रवाळाला ज्या कामासाठी झगडावे लागत होते ते काम भिंती बिनबोभाट करत होत्या. या योगायोगाने समुद्राला मोठा हातभार लावला, कारण भिंतींनी तो वायू घेतला नसता तर तो पाण्यातच उतरला असता आणि कितीही सोडा पुरला नसता. 26 सप्टेंबर 1993 रोजी दारे उघडली तेव्हा भित्ती खंगलेली, शैवालाने घेरलेली, परंतु जिवंत होती.

या दोन वर्षांचा उल्लेख वृत्तपत्रांनी बहुधा फसलेला देखावा म्हणून केला. प्रकल्पाच्या दाव्यांना धरून तो निवाडा समजण्यासारखा असला, तरी समुद्रापुरता तो अन्यायाचा आहे. 1996 मध्ये ही वास्तू कोलंबिया विद्यापीठाच्या व्यवस्थापनाखाली गेली आणि समुद्र ख्रिस लँग्डन या सागरशास्त्रज्ञाच्या हाती आला. तोवर प्रवाळ विरळ झाले होते आणि तळावर मुख्य वस्ती होती ती चुनखडी साठवणाऱ्या तांबड्या शैवालांची. प्रदर्शन म्हणून पाहू जाता तो पडका वाडा होता. लँग्डनने त्याच्यातील उणिवा दुसऱ्या बाजूने पाहिल्या. खऱ्या भित्तीवर पाणी येते आणि जाते, त्यामुळे तेथील जीवांनी किती चुना जमा केला याचा हिशेब ठेवणे दुष्कर असते. येथे पाणी बंदिस्त होते, लाटांनी नीट ढवळलेले होते, आणि त्याचे रसायन हातात होते. चुन्याचा प्रत्येक कण जमताना पाण्याची अल्कता ठरावीक प्रमाणात घटते, तेव्हा अल्कता मोजली की अख्ख्या समुद्राची बांधणीची गती कळते.

लँग्डन, तारो ताकाहाशी आणि इतरांनी कित्येक वर्षे या पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट कमी-अधिक करून मोजमापे घेतली आणि 2000 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेटची संपृक्तता, म्हणजे चुना किती सहज जमू शकतो त्याचे माप, जसजशी घटते तसतशी भित्तीच्या जीवांची चुना साठवण्याची गती थेट त्या प्रमाणात घटते, आणि महिने उलटले तरी ते जीव त्या पाण्याला सरावत नाहीत. हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा महासागरातील भित्तींवर काय परिणाम होईल याचा, एका संपूर्ण जीवसमूहाच्या पातळीवर दिलेला, तो पहिल्या पुराव्यांपैकी एक होता. प्रयोगशाळेतील लहान भांड्यांत एकेका प्रवाळावर केलेली निरीक्षणे त्याआधीही होती. परंतु शैवाल, वाळू, प्रवाळ, लाटा यांसह एका अख्ख्या भित्तीने उत्तर दिले ते वाळवंटातील या सदोष टाकीत.

कोलंबिया विद्यापीठ 2003 च्या अखेरीस तेथून निघाले, आणि 2007 पासून ॲरिझोना विद्यापीठाने ती वास्तू चालवायला घेतली. 2011 मध्ये ती त्याच्या मालकीची झाली. आता दारे बंद ठेवण्याचा हट्ट उरलेला नाही, त्यामुळे बाहेरची हवा आत येते आणि समुद्रावरील वायूचा जुना दाब ओसरला आहे. छप्पर मात्र तेच, आणि उजेडाची उणीवही तीच. लँग्डनने त्या पाण्याचे रसायन हवे तसे वळवले ते कॅल्शियमचे क्षार आणि सोडियमचे कार्बोनेट-बायकार्बोनेट मोजून टाकून. यातील सोडा तोच, जो ॲबिगेल ॲलिंग आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्याच समुद्रात त्याला जगवण्यासाठी टाकला होता.